फोनवरची परिचारिका आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार

१/११
भिवंडी तालुक्यातील खारबाव हे वसई–दिवा लोहमार्गावरील लहानसे स्थानक. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्यापुढचा उपचार भिवंडीत, त्याहून पुढचा ठाण्यात किंवा मुंबईत. रात्री तापाने फणफणलेल्या बाळाला घेऊन आत्ताच निघावे की उजाडेपर्यंत थांबावे? हा प्रश्न फोनवरून परिचारिकेने सोडवावा, या कल्पनेचा हा इतिहास.

२/११
या कामाला जगभर ‘ट्रायेज’ म्हणतात. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ निवडणे, आपल्याकडे धान्य निवडतात तसे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक-जाँ लारे याने जखमी सैनिकाचा हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहून उपचारांचा क्रम लावण्याचा आग्रह धरला. कोणाला आधी आणि कोणाला नंतर, हा या विद्येचा गाभा.

३/११
१८७६ मध्ये बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले. तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, डॉक्टरने फोनवरून मुलाचा खोकला ऐकून निदान केल्याची हकीकत ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आली. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले ते १८८२ मध्ये. म्हणजे तार लवकर आली; परंतु तारेच्या त्या टोकाला दीर्घकाळ डॉक्टरच अपेक्षित राहिला.

४/११
हे चित्र ठळकपणे बदलले इंग्लंडमध्ये. मार्च १९९८ मध्ये तेथे ‘एनएचएस डायरेक्ट’ ही सेवा तीन भागांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. फोनवर अनुभवी परिचारिका असत. समोरच्या संगणकावरील ठरावीक प्रश्न त्या क्रमाने विचारीत आणि घरीच काळजी घ्या, डॉक्टरकडे जा किंवा रुग्णवाहिका बोलवा, असा निर्णय देत. परिचारिकेचा तर्क प्रथमच राष्ट्रीय सेवेचा पाया झाला.

५/११
ही सेवा २०१४ मध्ये बंद झाली. तिची जागा ‘१११’ या क्रमांकाने घेतली. तेथे पहिला फोन बहुधा परिचारिका नव्हे, तर प्रशिक्षित कर्मचारी घेतो आणि गरज पडल्यास पुढे जोडून देतो. प्रश्नावली टिकली, परंतु ती विचारणारी व्यक्ती बदलली. उत्तरामागचा सूर ओळखण्याचे काम प्रश्नावली एकटी करू शकते का, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

६/११
महाराष्ट्राने याच प्रश्नाचा अर्धा भाग फोनशिवाय सोडवला होता. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. कोणता आजार गावात सांभाळायचा आणि कोणता रुग्ण पुढे पाठवायचा, हा निर्णय डॉक्टरच्या खोलीतून अंगणात आला.

७/११
पुढचे पाऊल गडचिरोलीत पडले. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने मण्यांचा श्वासमापक वापरला. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ रिते होण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. १९९० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, प्रयोगाच्या गावांतील न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते.

८/११
या साधनाचे खरे सामर्थ्य लाकडाच्या पट्टीत नव्हते. ‘बाळाला बरे दिसत नाही’ या भावनेला त्याने मोजता येणारे रूप दिले. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक, ही धोक्याची खूण. असा आकडा फोनवरूनही सांगता येतो. नुसती भीती मात्र नीट सांगता येत नाही.

९/११
२०१४ मध्ये राज्यात ‘१०८’ ही सेवा आली: ९३७ रुग्णवाहिका, प्रत्येकीत डॉक्टर आणि नियंत्रण कक्ष पुण्यात. ‘निघा’ या उत्तराला त्यामुळे चाके मिळाली. परंतु ही व्यवस्था तातडीसाठीच आहे. फोन करावा इतके गंभीर आहे का, हे आधी घरच्यांनीच ठरवायचे. नेमका तोच निर्णय सर्वांत अवघड असतो.

१०/११
२५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. परिचारिका किंवा आरोग्यसेविकेने रुग्णाला डॉक्टरशी जोडून द्यावे, ही पद्धत त्यांनी मान्य केली. सल्ला आणि औषधयोजना मात्र नोंदणीकृत डॉक्टरकडेच ठेवली. ‘ई-संजीवनी’ची आरोग्य केंद्रांतील रचनाही हीच. त्याच वर्षी मुंबईच्या २४ प्रभागांतील वॉर रूम्सनी, कोणाला खाट आधी मिळावी, हे फोनवरून ठरवले. गरज पडली तेव्हा फोनवरची निवड शक्य झाली.

११/११
या दीडशे वर्षांचा धडा असा, की खारबावसारख्या ठिकाणी ही सेवा उभारताना फोन ही सर्वांत सोपी बाब आहे. आधी हवी लिखित प्रश्नावली, मग शंका आल्यास तत्काळ जोडला जाणारा डॉक्टर, मग रुग्णवाहिका, आणि प्रत्येक उत्तराची नोंद. ‘निघा’ सांगण्यात चूक झाली तर एक फेरी वाया जाते. ‘थांबा’ सांगण्यात चूक झाली तर जीव जातो. म्हणून कोणत्या खुणा दिसल्यास लगेच निघायचे आणि पुन्हा फोन केव्हा करायचा, हे सांगितल्याशिवाय ‘थांबा’ हे उत्तर पूर्ण होत नाही. तो शब्द उच्चारण्याचा अधिकार परिचारिकेला द्यायचा, तर त्याची जबाबदारी एकट्या तिच्या माथी न मारता सबंध व्यवस्थेने उचलावी लागते.