भूपेन हजारिका : ब्रह्मपुत्रेच्या काठचे लोकसूर

भूपेन हजारिका (८ सप्टेंबर १९२६ – ५ नोव्हेंबर २०११) हे आसामचे थोर संगीतकार, गायक, गीतकार आणि चित्रपट दिग्दर्शक. ईशान्य भारताचे लोकसंगीत त्यांनी देशभर पोहोचवले.

त्यांचा जन्म आसाममधील सादिया येथे झाला. बालपणी तेजपूरमध्ये त्यांना ज्योतिप्रसाद अग्रवाल व विष्णुप्रसाद राभा यांचे मार्गदर्शन लाभले. १९३९ मध्ये अग्रवाल यांच्या ‘इंद्रमालती’ चित्रपटात त्यांनी गायन केले. १९४६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातून राज्यशास्त्रात एम. ए. झाल्यानंतर त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली.

अमेरिकेत कृष्णवर्णीय गायक पॉल रॉब्सन यांचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला. रॉब्सन यांच्या गाजलेल्या गीतातील मिसिसिपी नदी माणसांचे कष्ट पाहूनही मूकपणे वाहत राहते. हजारिका यांनी त्या सुरावटीला आसामी रूप देताना नदीलाच तिच्या मौनाचा जाब विचारला. या गीताच्या बंगाली व हिंदी आवृत्तीत ब्रह्मपुत्रेची जागा गंगेने घेतली.

बिहूगीते, गोलपाडा भागातील लोकगीते आणि चहामळ्यांतील मजुरांची गाणी हा त्यांच्या संगीताचा पाया होता. लोकधून ही केवळ रंजनाची सामग्री नसून श्रमिकांचा आवाज आहे, हा विचार त्यांच्या रचनांतून दिसतो. श्रीमंतांची पालखी वाहणाऱ्या भोयांच्या व्यथेवरील ‘डोला’ हे त्यांचे गीत याची साक्ष देते.

१९५६ च्या ‘एरा बाटर सुर’ या त्यांनी दिग्दर्शित केलेल्या पहिल्या चित्रपटात लता मंगेशकर यांनी आसामी गीत गायले. ‘चमेली मेमसाब’साठी हजारिका यांना सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कल्पना लाजमी दिग्दर्शित ‘रुदाली’तील (१९९३) ‘दिल हूम हूम करे’ या गीताची चाल मूळची ‘मणिराम देवान’ (१९६३) या आसामी चित्रपटातील. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील हा सूर राजस्थानच्या वाळवंटातील कथेतही परका वाटला नाही.

१९६७ ते १९७२ या काळात ते आसाम विधानसभेचे सदस्य होते. १९९२ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना प्रदान करण्यात आला. मुंबईत त्यांचे निधन झाले. २०१९ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ने गौरवण्यात आले. त्यांच्या जन्मगावाजवळ लोहित नदीवर उभारलेल्या ९.१५ किलोमीटर लांबीच्या ढोला-सादिया पुलाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.