चेकलिस्ट : विमानविद्येचा पहिला पाठ

उज्जैन-देवास मार्गावर दताना येथे एक छोटी धावपट्टी असून तेथून वैमानिक प्रशिक्षणाची विमाने उडत आली आहेत. सेस्ना १७२ सारख्या लहान विमानावर शिकणाऱ्याला इंजिन सुरू करण्यापूर्वीच ‘चेकलिस्ट’, म्हणजे क्रमवार तपासणीसूची, वाचावयास शिकविले जाते.

या सूचीचा उगम एका अपघातात आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटननजीक राइट फील्ड येथे बोइंगचे चार इंजिनांचे ‘मॉडेल २९९’ हे विमान उड्डाण करताच कोसळले. अनुभवी वैमानिक मेजर प्लॉयर हिल आणि कंपनीचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर त्यात दगावले. यंत्रात बिघाड नव्हता. उभ्या विमानाचे सुकाणू वाऱ्याने हलू नये म्हणून लावलेले कुलूप काढावयाचे राहून गेले होते! त्यानंतर लेखी सूची आली, आणि तेच विमान ‘बी-१७’ म्हणून महायुद्धात हजारोंच्या संख्येने वापरले गेले.

नियंत्रणांचे कुलूप काढणे ही बाब सेस्नाच्या सूचीतही आरंभीच येते. पुढे टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून पाहतात. पाणी जड असल्याने निळसर इंधनाखाली वेगळे दिसते. पावसाळ्यात ही तपासणी उरकून टाकणे घातक ठरते. आसन रुळांत पक्के अडकले आहे ना, हे पाहणे क्षुल्लक वाटेल. पण धावताना ते मागे घसरले, तर हातातील दांडा वैमानिकासोबत मागे खेचला जातो आणि विमानाचे नाक एकदम उचलले जाते.

व्यावसायिक परवान्यासाठी भारतात किमान २०० तासांचे उड्डाण लागते. सूची पाठ झाली की डोळे ओळींवरून नुसते फिरू लागतात. नवखेपणापेक्षा ही सवय अधिक धोक्याची. १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉईट येथे नॉर्थवेस्टचे प्रवासी विमान फ्लॅप न उघडता उडाले आणि १५६ जण मृत्युमुखी पडले. टॅक्सी करतानाची सूची पार पाडलीच नव्हती, असे चौकशीत निष्पन्न झाले. म्हणूनच मध्ये कोणी बोलले वा रेडिओवर हाक आली, तर सूची पुन्हा आरंभापासून वाचावी, असे जाणते प्रशिक्षक सांगतात.

अपवाद एकच. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडल्यास कागद शोधण्यास अवधी नसतो. प्रथम नाक खाली करून वेग राखावयाचा, समोरची मोकळी जागा हेरावयाची. ही कृती मुखोद्गतच हवी. उंची शिल्लक असेल, तरच सूची हाती घ्यावयाची.