रग्बीचे दोन पंथ आणि विश्वचषकाचा अधिकार

एखाद्या स्पर्धेस ‘जागतिक’ हे विशेषण लावण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडाक्षेत्रापुरताच वाटतो. वस्तुतः तो नामाधिकाराचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे लक्ष द्यावयास हवे. मराठीत ‘फुटबॉल’ म्हटले की एकच खेळ डोळ्यांसमोर येतो. परंतु तोच शब्द मेलबर्नमध्ये एका खेळाचा, सिडनीत दुसऱ्याचा आणि लंडनमध्ये तिसऱ्याचा वाचक ठरतो. या खेळांपैकी रग्बी युनियन आणि रग्बी लीग हे दोन पंथ एकाच मुळातून निघाले. आपापल्या विश्वचषकाच्या योग्यतेविषयी त्यांच्यात जो वाद चालत आला, त्यात श्रम, वेतन आणि प्रतिष्ठा यांचा जुना झगडा दडलेला आहे.

१८७१ साली लंडन येथे रग्बी फुटबॉल युनियनची स्थापना झाली. तिचे सूत्रधार बहुधा निवासी विद्याशाळांतून शिकलेले सुखवस्तू गृहस्थ होते. पुढील वीस वर्षांत हा खेळ यॉर्कशायर व लँकेशायर येथील खाणकामगारांत आणि गिरणीकामगारांत पसरला. सामन्यासाठी कामाचा खाडा केला की मजुरी बुडत असे. या बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, असा ठराव १८९३ साली युनियनच्या सर्वसाधारण सभेपुढे आला. तो १३६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळला गेला. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील वीसाहून अधिक क्लबांच्या प्रतिनिधींची सभा भरली आणि नॉर्दर्न युनियन ही स्वतंत्र संघटना जन्मास आली. दिवसाकाठी सहा शिलिंगांपर्यंत भरपाई तिने मान्य केली. १९०६ मध्ये तिने खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आणली आणि १९२२ मध्ये रग्बी फुटबॉल लीग हे नाव धारण केले. युनियनचे उत्तर बहिष्काराचे होते. जो लीगच्या मैदानात उतरला तो तिच्या दृष्टीने कायमचा बाटला.

फुटीच्या त्याच वर्षी, १८९५ मध्ये, रग्बी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाने खेळाच्या उगमाचा शोध घेण्यासाठी एक समिती नेमली. विल्यम वेब एलिस नावाच्या विद्यार्थ्याने १८२३ साली चेंडू हातात घेऊन धाव घेतली आणि त्यातून हा खेळ जन्मला, अशी आख्यायिका मॅथ्यू ब्लॉक्सम याने १८७६ पासून लेखनात आणली होती. ब्लॉक्सम हा प्रत्यक्ष साक्षीदार नव्हता. समिती बसली तेव्हा तो आणि एलिस दोघेही दिवंगत होते, आणि निर्णायक पुरावा समितीच्या हाती लागला नाही. तथापि १९०० मध्ये शाळेच्या आवारात एलिसच्या नावाचा शिलालेख बसविण्यात आला. ज्या क्षणी खेळावरील मालकीस आव्हान मिळाले, नेमक्या त्याच क्षणी उगमकथेस दगडी रूप यावे, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

फ्रान्समध्ये या वादाने राजकीय स्वरूप धारण केले. १९३१ साली ब्रिटिश बेटांतील चारही युनियननी हिंसक खेळ व छुपे वेतन ही कारणे देऊन फ्रान्सशी संबंध तोडले. बहिष्कृत खेळाडू झाँ गालिया याच्या पुढाकाराने १९३४ मध्ये तेथे लीगची संघटना उभी राहिली आणि अल्पावधीत दक्षिण फ्रान्समध्ये लोकप्रिय झाली. पुढे जर्मन वर्चस्वाखालील व्हिशी सरकारने डिसेंबर १९४१ मध्ये हुकूम काढून ती विसर्जित केली व तिची मालमत्ता जप्त केली. महायुद्धानंतर संघटना पुन्हा उभी राहिली. परंतु स्वतःच्या नावात ‘रग्बी’ हा शब्द वापरण्याची मुभा तिला उरली नाही. ‘तेरांचा खेळ’ एवढ्याच नावावर तिला समाधान मानावे लागले. तो शब्द तिला अधिकृतपणे परत मिळण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले.

या पार्श्वभूमीवर १९५४ च्या पहिल्या रग्बी लीग विश्वचषकाकडे पाहिले पाहिजे. त्याचे प्रवर्तक फ्रेंच संघटनेचे अध्यक्ष पॉल बॅरिएर हे होते. ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड असे चारच संघ त्यात होते. १३ नोव्हेंबर रोजी पॅरिसच्या पार्क दे प्रँस मैदानावर सुमारे तीस हजार प्रेक्षकांसमोर ब्रिटनने फ्रान्सचा १६–१२ असा पराभव केला. विजयी कर्णधार डेव्ह व्हॅलेंटाइन हा स्कॉटिश होता. १९४७ मध्ये तो युनियनच्या खेळात स्कॉटलंडतर्फे खेळला होता, आणि पुढे हडर्सफील्डच्या लीग संघात गेल्यामुळे त्या खेळास मुकला होता. रग्बीच्या कोणत्याही पंथातील पहिला विश्वविजेता कर्णधार असा ज्येष्ठ पंथाच्या लेखी बहिष्कृत होता. ज्या देशाच्या संघटनेचे नावच हिरावले गेले होते, त्या देशाने जगाला पाचारण करून स्वतःचे अस्तित्व सिद्ध करू पाहिले, हा या स्पर्धेचा खरा अर्थ होय.

या स्पर्धेतील उणिवा झाकण्यासारख्या नव्हत्या. १९७२ पर्यंत संघ चारच राहिले. स्पर्धेचे अंतर कधी दोन वर्षांचे, तर कधी आठ वर्षांचे. १९५७ व १९६० मध्ये अंतिम सामनाच नव्हता. १९७२ चा अंतिम सामना १०–१० असा बरोबरीत सुटल्याने साखळीतील कामगिरीवर ब्रिटनला विजयी ठरवावे लागले. १९८५ ची स्पर्धा तर १९८८ पर्यंत लांबली. चार देशांच्या स्पर्धेला ‘जागतिक’ म्हणणे ही अतिशयोक्तीच, हा आक्षेप निराधार नव्हता.

परंतु युनियनपाशी तोवर स्वतःचा विश्वचषकच नव्हता. अशा स्पर्धेबरोबर पैसा येईल आणि हौशीपणाचा पाया खचेल, या भीतीने ब्रिटिश बेटांतील संघटना तिला विरोध करीत आल्या होत्या. अखेर मार्च १९८५ मध्ये पॅरिस येथील बैठकीत न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांचा प्रस्ताव १० विरुद्ध ६ मतांनी संमत झाला. १९८७ च्या पहिल्या स्पर्धेतील सोळा संघांपैकी एकालाही पात्रताफेरी खेळावी लागली नाही, आणि वर्णभेदी धोरणामुळे दक्षिण आफ्रिका तीत नव्हती. न्यूझीलंडने फ्रान्सला २९–९ असे हरवून जो चषक उचलला, त्यास वेब एलिसचे नाव देण्यात आले होते. पुराव्यावाचून उभी राहिलेली उगमकथा अशा रीतीने जागतिक मान्यतेचे चिन्ह बनली.

नामकरणाची दुसरी बाजू अधिक सूक्ष्म आहे. तेहतीस वर्षे आधी सुरू झालेली स्पर्धा ‘रग्बी लीग विश्वचषक’ म्हणून ओळखली जाते. मागाहून आलेलीने ‘रग्बी विश्वचषक’ हे विशेषणरहित नाव घेतले. २०१४ मध्ये युनियनच्या आंतरराष्ट्रीय मंडळानेही ‘वर्ल्ड रग्बी’ असे नाव स्वीकारले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे लक्षणीय आहे. ज्या शब्दाला विशेषण लागत नाही तो मूळ मानला जातो, ज्याला लागते तो त्याचा उपप्रकार. कालक्रमाने धाकटी असलेली स्पर्धा अशा रीतीने नावाच्या बळावर थोरली ठरली.

ऑगस्ट १९९५ मध्ये युनियनने खेळाडूंच्या वेतनावरील बंदी उठविली. हडर्सफील्डच्या सभेस तेव्हा शंभर वर्षे पुरी होत होती. वादाचे मूळ कारण नाहीसे झाले. मान्यतेचा वाद मात्र राहिला. त्याच वर्षी जपानचा १४५–१७ असा पराभव करणारा न्यूझीलंड युनियनच्या स्पर्धेत दिसला, तर २००० साली रशियाला ११०–४ असे हरविणारा ऑस्ट्रेलिया लीगच्या. २०२३ पर्यंतच्या दहा स्पर्धांत युनियनचा चषक चारच देशांकडे गेला. लीगचा चषक २०२२ पर्यंतच्या सोळा स्पर्धांत ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांकडेच राहिला. स्थलांतरितांच्या वंशजांवर संघ उभारल्याचा आक्षेप लीगच्या वाट्यास विशेष आला. पण २०१७ मध्ये अशाच संघाने, टोंगाने, न्यूझीलंडला २८–२२ असे हरवून त्याचे प्रत्यक्ष मैदानावर उत्तर दिले.

सर्वाधिक प्रस्थापित पंथाचा, म्हणजे असोसिएशन फुटबॉलचा, आरंभही याच कसोटीवर घासून पाहता येतो. १९३० च्या मॉन्टेव्हिडिओ येथील स्पर्धेत तेरा संघ होते, त्यांत युरोपचे चार. पात्रताफेरी नव्हती, आणि इंग्लंडने १९५० पर्यंत त्या स्पर्धेत भागच घेतला नाही. आज तिच्या जागतिकतेविषयी कोणी शंका घेत नाही. पुढील यशाने तिच्या आरंभास पूर्वलक्षी मान्यता दिली.

यावरून असे म्हणता येईल की संघसंख्या, चुरस किंवा ज्येष्ठता यांपैकी कोणतीही कसोटी मान्यतेचा निर्णय एकटी करीत नाही. त्या कसोट्या बहुधा निर्णय झाल्यावर समर्थनासाठी पुढे केल्या जातात. निर्णय होतो तो नाव, उगमकथा आणि साधनसंपत्ती कोणाच्या हाती आहे यावर. १९५४ च्या यजमान फ्रान्सने २०२५ च्या लीग विश्वचषकाचे यजमानपद स्वीकारले होते. आर्थिक हमीच्या अभावी २०२३ मध्ये त्यास ते सोडावे लागले. त्याच वर्षी युनियनचा विश्वचषक मात्र फ्रान्समध्येच थाटात पार पडला. सहा शिलिंगांच्या भरपाईवरून सुरू झालेला हिशेब अद्याप पुरता मिटलेला नाही.