आरमारावर संशोधन करायचंय, मग एम.ए. कुठून करू?

दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले की कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. विषय बदलतो, प्रश्न तोच. माझं उत्तर थोडं उलटं आहे: विद्यापीठांची यादी नंतर काढा, आधी तुमच्या विषयाचे कागद कुठे आहेत ते शोधा.

आरमाराचंच उदाहरण घेऊ. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले. शाहू महाराजांकडून बाजीराव फौज घेऊन मदतीला आला. मोहीम फसली आणि पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला. घटना एक, पण कागद तीन भाषांत. मराठी कागद मोडीत, पोर्तुगीज कागद पणजीच्या पुराभिलेखात आणि लिस्बनला, इंग्रजी कागद मुंबईत आणि लंडनला.

आता समजा, तुम्हाला फक्त इंग्रजी वाचता येतं. त्या कागदांत कान्होजी 'चाचा' आहे आणि पराभवाचं खापर पोर्तुगीजांवर फोडलेलं आहे. तुमचा प्रबंध नकळत तेच म्हणणार! म्हणजे पदवी निवडताना खरा प्रश्न कॉलेजच्या नावाचा नसतो. तीनपैकी किती बाजू तुम्हाला ऐकू येणार, हा असतो.

मी स्वतः हे चुकलोय. अभ्यासक्रमात 'सागरी इतिहास' असा पेपर दिसला आणि मी डोळे झाकून प्रवेश घेतला. पेपर ऐच्छिक निघाला, शिकवायला माणूस नव्हता, त्यामुळे तो सुरूच झाला नाही. मोडीची मुळाक्षरं मी पीएचडीला लागल्यावर गिरवली. एक वर्ष त्यात गेलं.

तुमचं जाऊ नये म्हणून चार गोष्टी तपासा.

पहिली, लिपी आणि भाषा. एम.ए.ची दोन वर्षं त्यासाठी सोन्यासारखी असतात. पुण्यात राहिलात तर भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात. पोर्तुगीज हवी असेल तर ती गोवा विद्यापीठात शिकता येते.

दुसरी, मार्गदर्शक. विभागाच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. शोधगंगावर त्या विभागाचे प्रबंध उघडा आणि संदर्भसूची बघा. मूळ कागद किती आणि छापील पुस्तकं किती, हे दहा मिनिटांत कळतं.

तिसरी, अंतर. दफ्तरखाना बसने गाठता येतो की दर वेळी रजा, रेल्वे आणि लॉज, याचा हिशेब आधीच करा.

चौथी, पदवीचा विषय. तुमचा ओढा कागदांपेक्षा जलदुर्गांच्या बांधणीकडे किंवा बुडालेल्या जहाजांकडे असेल, तर डेक्कन कॉलेजसारख्या ठिकाणी पुरातत्त्व घेणं जास्त बरं. पण लक्षात ठेवा, नेटला इतिहास आणि पुरातत्त्व हे वेगळे विषय आहेत. पुढे नोकरीच्या जाहिरातीतही हा फरक आडवा येतो.

सगळं एकाच जागी मिळणार नाही, आणि मिळायलाच हवं असंही नाही. साध्या इतिहासाच्या एम.ए.सोबत मोडी पक्की असेल, तर भारदस्त नावाच्या पदवीपेक्षा तुम्ही पुढेच असाल.

आज एवढंच करा: एक कोरा कागद घ्या. तुमच्या विषयावर त्या काळी कोणी लिहून ठेवलं, कुठल्या लिपीत, आणि ते आज कुठे आहे, या तीन ओळी लिहा. तिसरी ओळ रिकामी राहिली, तर प्रवेशअर्ज भरायची घाई नको.