कार्प मासा आणि सरोवरातील वनस्पती : एका आरोपाचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनेक उथळ सरोवरे विसाव्या शतकाच्या आरंभी गढूळ व वनस्पतिहीन का झाली, या प्रश्नाला तेथील बदकांच्या शिकाऱ्यांनी एका शब्दात उत्तर दिले होते : कार्प. हे उत्तर बहुतांशी बरोबर होते. परंतु ते सिद्ध होण्यास सुमारे अर्धे शतक लागले. या विलंबाची कारणे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेचा मत्स्य आयोग १८७१ साली स्थापन झाला आणि स्पेन्सर बेअर्ड हे त्याचे पहिले आयुक्त झाले. नद्यांतील देशी मासे झपाट्याने कमी होत होते. युरोपातून आलेल्या वसाहतकऱ्यांना कार्प हा घरच्या तळ्यातील मासा म्हणून परिचित होता. १८७७ मध्ये रुडॉल्फ हेसेल याने जर्मनीतून आणलेले ३४५ कार्प बाल्टिमोरच्या ड्रुइड हिल उद्यानातील तळ्यांत सोडण्यात आले. पुढे त्यांच्या पिलांची मागणी इतकी वाढली, की एकट्या १८८३ साली सुमारे २,६०,००० मासे देशभर वाटले गेले. तळ्यांचे बांध पुरात फुटले, काही ठिकाणी मासे मुद्दाम सोडले गेले, आणि कार्प नद्यांत व सरोवरांत पोहोचला.

या माशाची शिफारस करताना जे गुण सांगितले जात, त्यांत तो मुख्यतः वनस्पतींवर जगतो आणि म्हणून त्याचे पोषण स्वस्त पडते, हाही एक होता. भाषेच्या अभ्यासकास येथे थांबावेसे वाटते. ‘खाणे’ या क्रियापदाने पुढील चर्चेची दिशा चुकविली. कार्प बिया व कोवळे कोंब खातो हे खरे; पण त्याचा बराचसा आहार तळच्या चिखलातील अळ्या, कृमी व लहान शंखशिंपले यांचा असतो. तो तोंडाने चिखल ओढून घेतो, त्यातील खाद्य निवडतो आणि उरलेला गाळ पाण्यात टाकतो. या उकरण्यात मऊ चिखलात रुजलेली झाडे मुळासकट सुटतात. उडालेल्या गाळामुळे सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही. माशाच्या उत्सर्गातून व ढवळलेल्या गाळातून फॉस्फरस पाण्यात मिसळतो, त्यावर सूक्ष्म शैवाल वाढते आणि पाणी अधिकच अपारदर्शक होते. झाडे गेली की गाळ धरून ठेवणारी मुळेही जातात. मग साधा वाराही सरोवर गढूळ करू शकतो. तेव्हा कार्पने किती वनस्पती खाल्ली, हे मोजून त्याचा अपराध ठरविता येणार नव्हता.

आरोप सर्वांत तीव्र झाला तो व्हॅलिस्नेरिया या पाणगवताबाबत आणि जंगली भाताबाबत. विस्कॉन्सिनमधील कॉशकोनॉंग सरोवर या दोहोंसाठी व तेथे उतरणाऱ्या कॅनव्हासबॅक बदकांसाठी प्रसिद्ध होते. या बदकाचे शास्त्रीय नाव त्या गवतावरूनच पडले आहे. (नाव देताना गवताच्या नावातील एक ‘ल’ गळला, आणि नामकरणाच्या नियमांमुळे तो आजतागायत परत आलेला नाही.) मेनॉमिनी या लोकांचे तर नावच जंगली भातावरून पडलेले आहे. एका वनस्पतीच्या नाशाने कोणाकोणाचे काय जाते, हे या दोन नावांवरून ध्यानी यावे.

लिऑन कोल याने १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात या तक्रारींचा सविस्तर विचार केला. वनस्पतींच्या हानीचा आरोप त्याने निराधार मानला नाही. तथापि एकंदर हिशेबात त्याचा कल माशाच्या बाजूने होता. आज त्यास दोष देणे सोपे आहे. परंतु त्याच दशकांत दलदली कोरड्या केल्या जात होत्या, नांगरलेल्या शेतांतील माती वाहून येत होती, गावांचे सांडपाणी सरोवरांत मिसळत होते आणि धरणांमुळे पाण्याची पातळी बदलत होती. या सर्व कारणांचा परिणाम दिसण्यात सारखाच होता. आधी मासा आला आणि मग गवत गेले, एवढ्या पौर्वापर्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. १९२९ मध्ये ॲल्विन काह्न याने एका लहान सरोवरात कार्प प्रबळ झाल्यानंतरचे पालट नोंदविले. ती नोंद महत्त्वाची असली तरी पौर्वापर्याचीच होती.

कोंडी फोडली ती कुंपणाने. सरोवराचा एक भाग जाळीने वेढून कार्पला बाहेर ठेवावयाचे. पाणी तेच, माती तीच, सांडपाणीही तेच. फरक फक्त माशाचा. थ्रायनेन व हेल्म यांनी विस्कॉन्सिनमधील अशा तऱ्हेचे प्रयोग १९५४ साली प्रसिद्ध केले. अर्थात सर्व सरोवरांचा निकाल त्यामुळे लागला असे नव्हे. माशांची घनता किती, हा प्रश्न उरलाच. इलिनॉयमधील हेनेपिन व हॉपर या पुनरुज्जीवित सरोवरांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे उत्तर मिळते : हेक्टरी सुमारे ३० किलोग्रॅम कार्प असताना परिणाम दिसला नाही, १०० किलोग्रॅमच्या सुमारास वनस्पतींचे आच्छादन निम्मे झाले, आणि २५० च्या पुढे ते १७ टक्क्यांवर आले. बचाव करणारे व आरोप करणारे वेगवेगळ्या सरोवरांकडे पाहून बोलत असतील, तर दोघांचेही डोळे शाबूत होते असे म्हणावे लागेल.

भारतात हा मासा १९३९ साली श्रीलंकेतून निलगिरीत आणि १९५७ मध्ये त्याचा दुसरा वाण बँकॉकहून आला. महाराष्ट्रातील मच्छीमार त्यास ‘सायप्रिनस’ म्हणतात. शास्त्रीय प्रजातिनाम बाजारात इतके रुळल्याचे उदाहरण विरळाच. १९५९ साली आलेल्या ग्रास कार्पचे मात्र ‘गवत्या’ असे अन्वर्थक नामकरण झाले. तो खरोखरच गवत खातो, त्यामुळे त्याच्याबाबत ‘खाणे’ हे क्रियापद फसवीत नाही.

मॅडिसन येथील विंग्रा सरोवरात कुंपणाचा प्रयोग पुन्हा झाला. जाळीच्या आत पाणी निवळले, तेव्हा २००८ च्या मार्चमध्ये जाळी टाकून सुमारे २३,६०० किलोग्रॅम कार्प बाहेर काढण्यात आले. पाणी स्वच्छ झाले आणि झाडे पूर्वीपेक्षा खोल पाण्यातही उगवू लागली. त्या हिरवळीत युरेशियन मिलफॉइल या परदेशी पाणवनस्पतीचाही वाटा होता.