माउंटन बाइक शर्यतीतील साधननिवडीचे गणित

माउंटन बाइक शर्यतीतील साधननिवडीचे गणित म्हणजे गुणोत्तर, शेकडेवारी व संभाव्यता या शालेय गणिताच्या आधारे सायकलचे गिअर, वजन आणि टायर ठरविण्याची पद्धत होय. क्रॉस-कंट्री या प्रकारात तिचा विशेष उपयोग होतो. १९९६ च्या अटलांटा स्पर्धेपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये समाविष्ट आहे. या शर्यतीच्या एकाच फेरीत तीव्र चढ आणि वेगवान उतार येतात. त्यामुळे चढावर सोयीचे ठरणारे साधन इतरत्र अपुरे पडू शकते.

गिअर गुणोत्तर

पेडलजवळील पुढच्या चक्राच्या दात्यांच्या संख्येला मागील चक्राच्या दात्यांच्या संख्येने भागल्यास गिअर गुणोत्तर मिळते. त्याला चाकाच्या परिघाने गुणले असता पेडलच्या एका आवर्तनात कापले जाणारे अंतर मिळते. २९ इंची चाकाचा टायरसह परिघ सुमारे २.३ मीटर असतो.

शर्यतीच्या आधुनिक सायकलींना बहुधा पुढे एकच चक्र असते. त्यामुळे त्याची निवड महत्त्वाची ठरते. मागील चक्रसंच १० ते ५१ दात्यांचा असल्यास पुढीलप्रमाणे वेग मिळतात :

| पुढील चक्र | चढावरील वेग (मागे ५१ दाते, मिनिटाला ६० आवर्तने) | कमाल वेग (मागे १० दाते, मिनिटाला १०० आवर्तने) |
|---|---|---|
| ३२ दाते | ताशी ५.२ किमी | ताशी ४४ किमी |
| ३६ दाते | ताशी ५.८ किमी | ताशी ५० किमी |

स्वार व सायकल यांचे एकत्रित वजन ८० किलो आणि चढ २० टक्के धरल्यास, केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ३२ दात्यांच्या चक्रावर सुमारे २२२ वॅट, तर ३६ दात्यांच्या चक्रावर २५० वॅट शक्ती लागते. स्वाराकडे २२२ वॅटच उपलब्ध असतील, तर मोठ्या चक्रावर त्याची आवर्तने मिनिटाला ५३ पर्यंत घसरतात. पाय जड पडतात आणि खडकाळ वाटेवर तोल राखणे कठीण होते. याउलट, सपाट व वेगवान मार्गावर मोठे चक्र लाभदायक ठरते.

वजन

तीव्र चढावर लागणारा वेळ एकूण वजनाच्या जवळजवळ सम प्रमाणात असतो. ८० किलोंपैकी ८०० ग्रॅम, म्हणजे १ टक्का वजन कमी केल्यास १० मिनिटांच्या चढावर सुमारे ६ सेकंद वाचतात. एकूण वजनात स्वाराचेही वजन येत असल्याने, केवळ सायकलच्या वजनाशी तुलना केल्यास हा लाभ प्रत्यक्षापेक्षा मोठा भासतो.

टायर आणि जोखीम

समजा, टायरची मजबूत जोडी हलक्या जोडीपेक्षा ४०० ग्रॅमने जड आहे आणि शर्यतीत एकूण ४० मिनिटे चढ आहे. वजनातील ०.५ टक्के वाढीमुळे सुमारे १२ सेकंद अधिक लागतील. पंक्चरमुळे ४ मिनिटे, म्हणजे २४० सेकंद वाया जाणार असतील, तर १२ भागिले २४० म्हणजे ५ टक्के हा समतोलबिंदू होय. हलक्या टायरमुळे पंक्चरची शक्यता ५ टक्के बिंदूंहून अधिक वाढत असल्यास सरासरीने मजबूत टायर फायद्याचे ठरतात.

मर्यादा

या आकडेमोडीत घर्षण, चिखल, टायरची पकड आणि स्वाराचे कौशल्य विचारात घेतलेले नसते. त्यामुळे तिने पर्याय मर्यादित करून अंतिम निवड मार्गावरील सरावाअंती करणे इष्ट ठरते.