वृद्धांनीं घर केव्हां सोडावें?

जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या 25 व्या अध्यायांत ज्युबिलीचें वर्ष सांगितलें आहे. त्या 50 व्या वर्षीं रणशिंग फुंकावें आणि प्रत्येकानें आपल्या वतनास व आपल्या कुळास परत जावें, अशी आज्ञा होती. घरीं परतणें हा ज्युबिलीचा मूळचा अर्थ. अशा उत्सवाच्या अंकांत वृद्ध मातापित्यांनीं घर सोडून आश्रमांत जाण्याचा विषय काढणें कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु मुलगा आखातांत, लेक ऑस्ट्रेलियांत, सून नोकरीस आणि ओटीवर एकटी आजी, अशीं घरें आज आपल्या धर्मग्रामांत थोडीं नाहींत. आणि हा प्रश्न ख्रिस्तसभेस नवाही नाहीं.

तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 5 व्या अध्यायांत मंडळीनें पोसावयाच्या विधवांची यादी करण्याविषयीं नियम आहेत. यादींत 60 वर्षांखालील स्त्री घेऊं नये. जिला मुलें अथवा नातवंडें आहेत तिचा सांभाळ प्रथम त्यांनीं करावा, म्हणजे खरोखर निराधार असतील त्यांस मंडळीचा हात पुरेल. क्रम असा लावून दिला आहे: आधीं घर, मग मंडळी. देवास अर्पण केल्याचें निमित्त सांगून आईबापांस वंचित ठेवणारांवर प्रभु येशूनें किती कडक शब्दांत ताशेरे ओढले, तें मार्कच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायांत वाचावें.

पुढें सहाव्या शतकांत बादशहा जस्टिनियन याच्या कायद्यांत अनाथालयें व रुग्णालयें यांच्या पंक्तीस वृद्धगृहांचाही उल्लेख येतो. पोर्तुगालच्या लेओनोर राणीनें 1498 सालीं लिस्बन येथें स्थापिलेली मिझेरिकोर्दिया ही दयाकार्याची संस्था गोव्यांत आली, वसईच्या किल्ल्यांतही होती. 1739 सालीं किल्ला मराठ्यांनीं घेतला आणि वसईंतील तो पोर्तुगीज संसार मोडला. मात्र वृद्धांची सेवा हेंच ज्यांचें एकमेव व्रत, अशा धर्मभगिनींचा संघ निघण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांत कांकाल या कोळ्यांच्या गांवीं 1792 सालीं जीन जुगान जन्मली. घरची गरिबी, तिनें मोलकरणीचें काम केलें, इस्पितळांत रोग्यांची शुश्रूषा केली. 1839 च्या हिवाळ्यांत, वयाच्या 47 व्या वर्षीं, सां-सेर्व्हां गांवांतील आपल्या भाड्याच्या बिऱ्हाडीं तिनें आन शोव्हां नांवाची एक म्हातारी आणिली. ती आंधळी होती, अर्धें अंग लुळें होतें, आणि तिला पाहणारें कोणी उरलें नव्हतें. जीननें तिला पाठीवर घेऊन जिना चढविला असें सांगतात. आपला बिछाना तिला देऊन जीन स्वतः माळ्यावर निजूं लागली. वृद्धाश्रम म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लांबलचक दालन व रांगेनें मांडलेल्या खाटा येतात. या आश्रमाचा आरंभ एका दिलेल्या खाटेनें झाला.

पुढें म्हाताऱ्यांची संख्या वाढली. त्यांपैकीं कित्येकजणी भीक मागून पोट भरीत. त्यांची पायपीट चुकावी म्हणून जीनच टोपली घेऊन त्यांच्या दात्यांच्या दारीं जाऊं लागली. ज्यांचे हात चालत त्या सूत कातीत. 1845 सालीं फ्रेंच अकादमीनें तिला 3,000 फ्रँकांचें पारितोषिक दिलें. तोंवर वरिष्ठ धर्मगुरूनें तिला प्रमुखपदावरून दूर केलें होतें, आणि 1852 पासून तर ती मातृगृहांत अज्ञातवासांतच राहिली. तिच्या शेजारीं बसणाऱ्या नवशिक्या भगिनींसही संघाची संस्थापिका हीच, हें ठाऊक नसे. 1879 सालीं ती वारली. 11 ऑक्टोबर 2009 रोजीं पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं तिला संतपद दिलें. तिच्या ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ संघाच्या भगिनी 1882 सालीं कलकत्त्यास आल्या. साठीवरील निर्धनांस त्या आश्रय देतात.

आतां आपल्या घरांकडे वळूं. आपल्या बोलींत आईला आश्रमांत ‘ठेविली’ असें कोणी म्हणत नाहींत, ‘टाकिली’ म्हणतात. या एका क्रियापदाच्या धाकानें कित्येक कुटुंबें निर्णय लांबणीवर टाकतात. आजी रात्रीं दोनदां पडते. गॅस उघडा राहतो. औषध एकदां दुप्पट जातें, एकदां मुळींच जात नाहीं. तिला उचलतांना सुनेची पाठ धरते. तरी सारे गप्प, कारण शेजारी काय म्हणतील! मग एके दिवशीं खुब्याचें हाड मोडतें आणि निर्णय इस्पितळाच्या पायरीवर, घाईघाईनें, आजीला न विचारतां होतो. अंथरुणास खिळलेल्यांस कांहीं आश्रम प्रवेशही देत नाहींत; विलंबानें तेंही दार बंद होतें.

घर अडचणीचें झालें किंवा खोली हवी झाली, हें कारण माझ्या मतें कारणच नव्हे. तेथें पौलाची क्रमवारी लागू आहे, आणि आतां देशाचा कायदाही: 2007 च्या कायद्यानें मातापित्यांचा निर्वाह मुलांवर बंधनकारक केला असून, ज्येष्ठास कायमचें सोडून देण्याच्या हेतूनें टाकणारास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परंतु घरांतील माणसें प्रामाणिकपणें झटूनही तिचें न्हाणें, उठणें, निजणें सुरक्षित करूं शकत नसतील, तर तिला घरांत ठेवण्याचा हट्ट तो कोणाच्या मानासाठीं? आन शोव्हांस हवा होता तो बिछाना आणि हात. ते जेथें मिळाले तें तिचें घर झालें.

म्हणून विचारावें तें आजीस, आणि तिला नीट उत्तर देतां येतें आहे तोंवर विचारावें. स्मरणशक्ति गेल्यावर घेतलेली संमति ती संमति नव्हे. तिला आश्रम आधीं दाखवावा. कांहीं दिवस राहून पाहण्याची सोय असल्यास ती करावी. तेथें प्रार्थनामंदिर आहे काय, रात्रीं हांक मारल्यास कोण येतें, स्वतःची पेटी व मूर्ति जवळ ठेवूं देतात काय, हें तिच्यादेखत विचारावें. आणि रविवारीं मिस्सेनंतर तिला भेटावयास कोणीं कोणीं जावयाचें, याची पाळी ती घरीं असतांनाच भावंडांनीं तिच्यासमोर ठरवावी.